समर्पण करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? लेंटच्या अभ्यासासाठी रीत हवी

पंचगंगाकाठ:

सर्वांना प्रभूत सलाम.

आमच्या मंडळीच्या तरुण संघानं यंदा लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीचा उपास-प्रार्थनेचा काळ) दर बुधवारी संध्याकाळी साडेसातला राजारामपुरीत एका घरी कॉटेज मीटिंग घ्यायचं ठरवलंय. सहा बुधवार. माणसं बारा: शिरोलीला फाउंड्रीत पाळीनं जाणारे तिघे, विद्यापीठातली चार मुलं-मुली, लक्ष्मीपुरीत किराणा दुकान असलेले एक काका आणि घर सांभाळणाऱ्या चार बहिणी. समर्पण आणि अंतःकरणाचा पालट हा विषय सगळ्यांनी मिळून निवडलाय.

घोडं पेंड खातंय ते पुढे. संजीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायच्या मोठ्या सभेत, शेवटच्या गीताला निम्मी मंडळी पुढे येते, गुडघे टेकते, 'सर्वस्व तुला दिलं प्रभू' म्हणते. महिना उलटायच्या आत घराघरात तीच आदळआपट, तेच अबोले. पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा पुढे. यात ढोंगी कुणी नाही, रडणंही खरं असतं. पण दिलं म्हणजे काय दिलं असं विचारलं तर कुणाला सांगता येत नाही.

तर विचारायचं असं: समर्पणात नेमकं काय द्यायचं आणि कसं? पालट घडवणं देवाचं काम की आपलं? माणूस साधारण कुठे अडकतो? आणि ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते त्याला जमेल अशी रोजची काही रीत आहे का?

एक विनंती. साक्षी, म्हणजे स्वतःच्या अनुभवाच्या गोष्टी, आम्ही भरपूर ऐकल्यात. इथे कृपा करून रीत सांगा.


जुनं_प्रश्नोत्तर:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं हिशेब चुकला की पुढची सगळी पानं चुकतात.

नीतिमान ठरवलं जाणं आणि पवित्र होत जाणं या दोन गोष्टींची मंडळीत सरमिसळ झालेली असते. वेस्टमिन्स्टरच्या लघु प्रश्नोत्तरावलीत (प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची विश्वासाची शिकवण, १६४७) ३३वा प्रश्न पहिलीचा आणि ३५वा दुसरीचा. पहिली गोष्ट देव एकदाच करतो आणि ती पुरी होते. दुसरी तो करत राहतो: माणूस पापाला अधिकाधिक मरतो आणि नीतिमत्त्वाला अधिकाधिक जगतो. दोन्ही कृपेनंच. अमेरिकन मिशनरी वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि पुढे इथलं मिशन प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलं, म्हणजे हे आपल्याकडे नवं नाही. विसरलंय एवढंच. विसरल्यामुळे होतं असं की माणूस रागावला, खोटं बोलला की त्याला वाटतं पहिलीच गोष्ट मोडली. मग तो पुन्हा अगदी मुळापासून सुरू करायला पुढे येतो. नवरा-बायकोचं भांडण झालं तर समेट करतात, दर वेळी पुन्हा बोहल्यावर चढत नाहीत. तुमच्या सभेत दर वर्षी बोहला सजतोय आणि समेट कुणी करत नाही.

मग काम कुणाचं? फिलिप्पैकरांस २:१२-१३ सोबत वाचा, मधे तोडू नका. पहिल्या वचनात तुम्ही कामाला लागा असं आहे आणि दुसऱ्यात त्याचं कारण: इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देव घडवतो. फक्त पहिलं धरलं तर माणूस दमतो, फक्त दुसरं धरलं तर सोफ्यावर बसून पालटाची वाट बघतो.

आता रीत. रोमकरांस पत्रात पौल अकरा अध्याय देवानं काय केलं ते सांगतो आणि बाराव्यात येऊन मागतो. मागतो तेही शरीर. म्हणून पहिल्या बुधवारी कुणालाही काही द्यायला लावू नका. रोमकरांस ५ ते ८ वाटून द्या, रोज अर्धा अध्याय, आठ दिवसांत होतं. दुसऱ्या बुधवारी अवयवांनी चला: जीभ, डोळे, हात, पोट, झोप. 'अंतःकरण देतो' म्हणायला फार सोपं असतं. 'रात्री साडेदहानंतरची जीभ देतो' म्हटलं की माणूस जरा थांबतो, आणि तो थांबला तिथंच बहुतेक वेळा खरी गोष्ट असते.

त्याच बैठकीत प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. एकच गोष्ट लिहायची, सबंध लेंटसाठी एकच. तीन लिहिणाऱ्याच्या हातून एकही होत नाही. चिठ्ठीची कसोटी अशी की घरातल्या दुसऱ्या माणसानं ती वाचली तर आठवड्यानं त्याला 'झालं' किंवा 'नाही झालं' एवढं सांगता यावं. 'माझा अहंकार' ही चिठ्ठी परत करा. 'सातबाऱ्यावरच्या नावावरून थोरल्या भावाशी बोलणं बंद आहे, या रविवारी उपासनेनंतर त्याच्या घरी जाईन' ही घ्या. 'दुसऱ्या पाळीवरून आल्यावर रात्री बारा ते दीड मोबाईल' हीही घ्या, पण ती अर्धीच आहे. बारा ते दीडमध्ये मग काय?

सगळ्यात जास्त माणसं इथंच घसरतात. इफिसकरांस ४:२५-३२ मध्ये नुसतं सोडायला कुठंच सांगितलेलं नाही, जोड्या आहेत. लबाडी सोडून खरं बोलणं. चोरी सोडून हातानं काम करणं आणि त्यातून गरजवंताला देणं. म्हणजे चोर चोरी थांबवून रिकामा बसला तर पौलाच्या लेखी काम अर्धंच झालं. कुजकं बोलणं सोडून ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोलणं. मत्तय १२:४३-४५ मधलं झाडून-सजवून रिकामं ठेवलेलं घरही तेच सांगतं, आधी एक होता, नंतर त्याच्यासह आठ राहायला आले. तेव्हा चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, त्या जागी काय घालणार, ते लिहून घ्या. रात्री बाराला भाकरी गरम करून घरच्या माणसाशी पंधरा मिनिटं बोलून झोपणं, एवढं साधं चालतं.

अजून एक, राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, धरला तर तुम्हाला सहा नाही, सात बुधवार मिळतात. लेंट रविवार वगळून ४० दिवसांचा, रविवार धरून ४६.


अग्निज्वाला:

जुनं_प्रश्नोत्तर काका, मान राखून सांगतो. चिठ्ठ्या, जोड्या, तक्ते, हे नियमशास्त्रच झालं की. आत्मा उतरला की माणूस तिथल्या तिथं बदलतोय. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा पौल दिमिष्काच्या वाटेवर एका क्षणात पालटला, तेव्हा तो किती चिठ्ठ्या लिहीत होता? बारा माणसांना सात बुधवार उपास-प्रार्थनेत बसवा, बाकीचं तो बघतोय.


जुनं_प्रश्नोत्तर:

अर्धं मान्य. चिठ्ठीनं कुणी पवित्र होत नाही, गलतीकरांस ३:३ मध्ये पौल त्यावरूनच झापतो. म्हणून प्रत्येक बैठकीची पहिली दहा मिनिटं पवित्र आत्म्याच्या भरण्यासाठी मागण्यात गेलीच पाहिजेत, नाहीतर ही वर्तन-सुधार शिकवणी होईल. हे मी आधी लिहायला हवं होतं असं वाटत असेल तर तसं धरा.

पण दिमिष्काचं उदाहरण पुरतं बघा. प्रकाश एका क्षणात दिसला. नंतर अरबस्तान, परत दिमिष्क, आणि तीन वर्षांनी यरुशलेम (गलतीकरांस १:१७-१८). पेत्रावर तर पन्नासाव्या दिवशी आत्मा उतरला होता, तरी अंत्युखियात माणसांच्या भीतीनं तो परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांच्या पंगतीतून उठला आणि पौलाला सगळ्यांसमोर तोंडावर बोलावं लागलं (गलतीकरांस २:११-१४). पंगतीची गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.


वसईचा_पाव:

मी कॅथलिक, त्यामुळे प्रश्नोत्तरावलीच्या वादात पडत नाही. चौथ्या प्रश्नाचं सांगतो. पाळीवाल्यांसाठी संत इग्नेशियस लोयोलांची रीत मला सगळ्यात सोयीची वाटते, कारण ती सूर्यावर नाही, उठण्या-जेवण्या-झोपण्यावर बांधलेली आहे. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेला पोपची मान्यता १५४८ची. तिच्यात दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि लोक त्या एकत्र कालवतात.

एक तपासणी एकाच दोषाची. वर जी चिठ्ठी सांगितली तिला ही अगदी चपखल बसते. उठल्याबरोबर: आज अमुक गोष्टीपासून जपायचं, एवढंच मनाशी ठरवायचं. दुपारच्या जेवणानंतर: उठल्यापासून तासातासानं मागे जाऊन किती वेळा घसरलो ते बघायचं आणि वहीतल्या दिवसाच्या पहिल्या ओळीवर तेवढे ठिपके द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर: दुपारपासूनचे ठिपके दुसऱ्या ओळीवर. दिवसाला दोन ओळी, आठवड्याला सात जोड्या, रोज थोड्या लहान होत जाणाऱ्या, कारण ठिपके कमी व्हावेत ही अपेक्षा. रात्री दोन ओळी ताडून बघायच्या, मग आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. आणि घसरलो त्या क्षणाला हात छातीशी न्यायचा. चार माणसांत केलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, असं इग्नेशियस स्वतःच लिहितात. फाउंड्रीत सुपरवायझर समोर उभा असला तरी जमतं. तिसऱ्या पाळीवाल्यानं 'दुपार' म्हणजे डबा खायची सुट्टी धरावी आणि 'रात्र' म्हणजे सकाळी घरी येऊन झोपण्याआधीची वेळ.

दुसरी तपासणी सबंध दिवसाची, झोपण्यापूर्वी. पाच पायऱ्या, पंधरा मिनिटांत बसवायच्या तर साधारण अशा: आभार दोन मिनिटं, दिवस खरा दिसावा म्हणून प्रकाश मागणं दोन, दिवस उठल्यापासून क्रमानं बघणं सहा, क्षमा तीन, उद्याचा निश्चय आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' दोन. आभार गाळून थेट चुकांवर उडी मारली की ही साधना स्वतःला कोसण्याचा कार्यक्रम होते. हमखास होते.

दुसऱ्या आठवड्यात ठिपके वाढतील, ते आधीच सांगून ठेवा. माणूस जास्त घसरत नसतो, त्याला जास्त दिसायला लागलेलं असतं. नेमकं याच वेळी वही बंद पडते. तसंच मन कोरडं पडलं, प्रार्थनेत काहीच वाटेना, की आधी केलेला निश्चय बदलायचा नाही हा इग्नेशियसचा नियम पाठ करून घ्या. कोरड्या दिवसांत नवा निर्णय नको, उलट प्रार्थना ठरल्यापेक्षा थोडी जास्तच.

आणि पहिल्या प्रश्नाला त्याच पुस्तिकेतला एक उतारा. तीन तऱ्हेच्या माणसांकडे प्रत्येकी दहा हजार डुकाट (जुनी सोन्याची नाणी) आलेत, अगदी लबाडीनं नाही पण शुद्ध देवाच्या प्रेमापोटीही नाही, आणि तिघांनाही त्या पैशाची ओढ काळजाला लागलीय हे कळतंय. पहिला म्हणतो सोडेन, आणि मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला ओढ सुटायला हवीय पण पैसा राहायला हवाय, म्हणजे देवानं आपल्या मुक्कामी यावं. तिसरा पैसा ठेवायचं की टाकायचं यातलं काहीच आधी ठरवत नाही. देव सांगेल ते, आणि तोवर मनानं तो सोडलेलाच. पुढे येऊन रडणारी बरीच माणसं दुसऱ्या तऱ्हेची असतात असं माझं मत. विद्यापीठातल्या मुलांना हा उतारा द्या, डुकाटच्या जागी पुण्यातली नोकरी घाला. तासभर सहज जाईल.


काटामाप:

दुकानवाल्या काकांसाठी लिहितोय, बाकीच्यांनी आपापल्या धंद्याला लावून घ्यावं. पैशाला हात लावला नाही तर समर्पणाच्या गप्पा वाऱ्यावर जातात. जकातदार जक्कयानं लूक १९:८ मध्ये आकडा बोलून दाखवला, अर्धं गरिबांना आणि लुबाडलं त्याला चौपट. नियमशास्त्रात साधा दर आहे: मूळ रक्कम आणि तिचा पाचवा भाग वर (लेवीय ६:५, गणना ५:७).

हिशेब असा करायचा. समजा रोज ४० किलो साखर सुटी विकली जाते आणि किलोमागे २० ग्रॅम मारलं जातं. दिवसाला ८०० ग्रॅम. दुकान वर्षाला ३०० दिवस उघडं धरलं तर २४० किलो. भाव ४४ रुपये धरला तर १०,५६० रुपये. पाचवा भाग २,११२. एकूण १२,६७२ रुपये, आणि हे एका वर्षाचं. गूळ, शेंगदाणे, तूरडाळ वेगळी. कागदावर आकडा आला की डोळे जरा पांढरे होतात, ते व्हायलाच हवेत.

क्रम महत्त्वाचा. आधी गळती थांबवायची: काटा वैधमापनवाल्यांकडून तपासून शिक्का मारून घ्यायचा, इलेक्ट्रॉनिक काट्याला दर वर्षी फेरपडताळणी लागतेच. मग ज्यांची ओळख पटते त्यांना परत, उधारीच्या वहीतली नावं सोपी पडतात, थेट खात्यात वजावट द्यायची. ज्यांची पटत नाही त्यांचं काय? गणना ५:८ सांगतं की घेणारा कुणीच नसेल तर ते परमेश्वराचं. आता ते आपल्याच मंडळीच्या फंडात टाकून रविवारी नावाची घोषणा करून घेतली तर परतफेडीची देणगी झाली. दुसऱ्या कुठल्या तरी गरजवंताला, पावतीवर नाव न घालता द्या. एकदम जमत नसेल तर महिन्याचा हप्ता ठरवा, तारीख घालून.

दशांशातून ही रक्कम वळती करायची नाही. असं करणारे भेटतात. दशांश आपल्या पैशातून द्यायचा असतो आणि हा पैसा आपला नाहीच.

आणि कबुलीबद्दल. याकोब ५:१६ वाचून काही जण बाराजणांसमोर सगळं ओकतात. नुकसान जेवढ्यांपर्यंत पोचलं तेवढ्यांपुरतीच कबुली. गिऱ्हाईकाचं नुकसान झालं तर गिऱ्हाईकाशी, घरात झालं तर घरात. त्यात तिसऱ्या माणसाचं नाव येत असेल तर बैठकीत तोंड उघडायचंच नाही, पाळकांकडे एकांतात. कोल्हापूर केवढं आहे ते आपल्याला ठाऊक आहे, बुधवारी बोललेलं शुक्रवारी भवानी मंडपात ऐकायला येतं.


रात्रपाळी_सिस्टर:

वरचं सगळं वाचलं. छान आहे, पण घर सांभाळणाऱ्या चार बहिणींना या थ्रेडमध्ये अजून कुणी एक ओळसुद्धा लिहिलेली नाही.

समर्पणाची शिकवण ज्यांना मुळात 'नाही' म्हणताच येत नाही त्यांच्या हातात गेली की उलटी पडते. आयुष्यभर सासूला, नवऱ्याला, दिरांना हो म्हणत आलेल्या बाईला 'स्वतःला नाकार' एवढंच ऐकू आलं तर ती आधीच करतेय तेच आणखी करते आणि त्याला वधस्तंभ म्हणते. तिनं देवाला द्यायची गोष्ट कदाचित माणसांची भीती असेल. म्हणजे तिच्या चिठ्ठीवर 'नणंदेला या महिन्यात पैसे देणार नाही असं सांगेन' हे येऊ शकतं, आणि ते पूर्ण समर्पण आहे. अभ्यास घेणाऱ्यानं हे तोंडानं बोलून दाखवलं पाहिजे, नाहीतर ती लिहिणार नाही.

मारहाण होत असेल तर तिथं समर्पणाचा विषयच नाही. येशूवर लोकांनी दगड उचलले तेव्हा तो मंदिरातून निघून गेला (योहान ८:५९). पौल दिमिष्काच्या तटावरून पाटीत बसून उतरला, आणि फटके मारायला बांधलं तेव्हा त्यानं रोमी नागरिकत्वाचा कायदा पुढे केला (प्रेषितांची कृत्ये २२:२५). आपल्याकडे कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५चा आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. पहिल्याच बुधवारी हे तीन आकडे भिंतीवर लावा, कुणाला उद्देशून न बोलता.

पाळकांबद्दलही. 'देवाला दिलं' म्हणजे कुण्या माणसाच्या हातात निर्णय दिले असं होत नाही. जमीन विकण्यापूर्वीही आणि विकल्यावरही ती रक्कम तुझ्याच हाती होती, असं पेत्र हनन्याला स्पष्ट सांगतो (प्रेषितांची कृत्ये ५:४). बैठकीत रकमेचा संकल्प बोलून दाखवायला लावू नका, कर्ज काढून देणगी तर नाहीच.

अग्निज्वाला भाऊंनी उपास सुचवलाय. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास नाही. थरथर, घाम, डोकं गरगरणं सुरू झालं किंवा साखर ७० च्या खाली आली तर उपास तिथंच संपला: तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. भट्टीजवळ काम करणाऱ्यानं निर्जळी करायची नाही, एकाही दिवशी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बहिणींनी जेवणाऐवजी दुसरं काही सोडावं.

आणि 'मन कोरडं पडलंय' हे नेहमी आत्मिकच असतं असं नाही. दोन आठवडे सलग उदास वाटतंय, झोप-भूक बिघडलीय, कशातच रस नाही, तर ती डॉक्टरांकडे जायची वेळ आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. १ राजे १९ बघा. एलीया झुडपाखाली मरण मागत पडलाय. देवदूत उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो. देव बोलतो तो पुढे चाळीस दिवसांनी, होरेबावर.


पंचगंगाकाठ:

सिस्टर, तुमचं पटलं. चार बहिणींपैकी दोघींना तुमचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे.

दोन गोष्टी अजून राहिल्यात. इच्छाच मोठी असेल, म्हणजे मूल व्हावं, आजार बरा व्हावा, तर 'तुझी इच्छा' म्हणणं म्हणजे मागणंच सोडणं का? आणि फरक पडतोय हे किती दिवसांत कळतं? तरुण पोरं हे विचारणारच.


जुनं_प्रश्नोत्तर:

मागणं सोडायचं नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं आधी हवं ते मागितलं, हा प्याला टळू दे, आणि मग पित्याची इच्छा. तेही एकदा नाही, तीनदा, तिसऱ्यांदा तेच शब्द (मत्तय २६:३९-४४). पौलानंही शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं. आपण पहिली पायरी गाळून थेट 'तुझ्या इच्छेप्रमाणे'वर जातो, आणि मग ते वाक्य निराशेचं होतं. आत मागणं धुमसत राहतं, बाहेर शहाणपणा. बैठकीत असं करा: पाच मिनिटं प्रत्येकानं स्वतःशी, अगदी लहान मुलासारखं, हवं ते नाव घेऊन मागायचं. मग काही मिनिटं शांत. त्यानंतरच शरण जाण्याची प्रार्थना, आणि कुणाला त्या दिवशी ती म्हणवली नाही तर जबरदस्ती नको. पुढच्या बुधवारी पुन्हा.

चिठ्ठीतही 'देवाची परवानगी असेल तर' ही अट असू द्या. वर आलेल्या वायल्डरांचा मुलगा रॉबर्ट वायल्डर, जन्म १८६३, आपल्याच कोल्हापुरातला. १८८६ साली अमेरिकेत माउंट हर्मनला त्याच्या पुढाकारानं शंभर विद्यार्थी परदेशी मिशनकार्याला तयार झाले. त्यांच्या प्रतिज्ञेत गोष्ट एकच होती, नेमकी होती, आणि तिच्यातही ही अट होती.

दिवसांचं म्हणाल तर आकडा देता येत नाही, पण क्रम देता येतो. आधी घसरल्यानंतर कळतं, कधी तीन दिवसांनी. मग त्याच संध्याकाळी कळतं. मग वाक्य तोंडातून निघत असतानाच. त्याच्या आधी कळणं शेवटी येतं, आणि काही बाबतींत फार उशिरा. म्हणून पोरांना 'राग गेला का' विचारू नका. 'किती वेळात माफी मागितली' ते विचारा. आत्म्याच्या फळाची यादी (गलतीकरांस ५:२२-२३) लावायची असेल तर ती त्या माणसानं स्वतः भरायची नाही, घरातल्यांनी भरायची. स्वतःचा सौम्यपणा स्वतःला भलताच दिसतो.

आणि एकदा दिलं की सगळं दिलं असं होत नाही, समोर येईल तसं देत जावं लागतं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो १९१७ साली. बावीस वर्षांत ते अर्धवट ख्रिस्ती होते असं कोण म्हणेल?


वसईचा_पाव:

एक व्यवहाराचं राहिलं. बाराजणांच्या सहा जोड्या लावा, पहिल्या चिठ्ठीच्या दिवशीच. पुरुषाला पुरुष, बाईला बाई. नातेवाईक एकत्र नकोत, मालक-कामगार नकोत, एकमेकांचे पैसे देणे-घेणे असलेले तर मुळीच नकोत. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोन, प्रश्न फक्त दोन: चिठ्ठीवरचं झालं का, आणि त्या जागी घालायचं ते घातलं का. सल्ला द्यायचा नाही. फोनवरच एक छोटी प्रार्थना, बास. पाळी बदलली की फोनची वेळ रविवारीच ठरवून टाका, नाहीतर तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात फोन राहतोच.


पंचगंगाकाठ:

झालं तर मग. राखेच्या बुधवारी रोमकरांस ५ पासून सुरू करतो, जोड्या आणि चिठ्ठ्या दुसऱ्या बुधवारी. काटामाप, दुकानवाल्या काकांना तुमचा साखरेचा हिशेब मी वाचून दाखवणार नाही. प्रिंट काढून हातात देतो, घरी बसून ते स्वतःचे आकडे घालतील. विद्यापीठाच्या परीक्षा मधे आल्या तर पाचवा बुधवार रविवारी दुपारी ढकलावा लागेल, तेवढं बघून इथे कळवतो.